निकेशच्या कॅमेऱ्यातले ठिपके

शिरढोणच्या हळदीला निघायला संध्याकाळपर्यंत वेळ होता, पण निकेश सकाळपासूनच कॅमेरा घेऊन बसला होता. सुकापूरच्या घरातल्या पांढऱ्या भिंतीचा त्याने पुन्हा एक फोटो काढला. फोटोत काळपट ठिपके होते. भिंतीवर एकही नव्हता.

दुसऱ्यांच्या फोटोंच्या ऑर्डरीत लाइट धरून उभं राहण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. ही हळद त्याची स्वतःची पहिली ऑर्डर, आणि तीही नात्यातली. नात्यातलं काम बिघडलं की बातमी पार उरणपर्यंत पोचते आणि मग माणूस जन्मभर लाइटच धरतो. नवरीच्या गालावर हे ठिपके उमटलेले त्याला दिसू लागले.

कॅमेरा सेकंडहँड होता, कामोठ्याच्या हितेशकडून घेतलेला. निकेशने त्याला फोनवर फैलावर घेतलं.

"घाण सेन्सर माझ्या गळ्यात मारलास तू."

"अरे, तुझ्यासमोर चेक करून दिला ना? क्लीन होता," हितेश म्हणाला. "कुठे उघडा ठेवला होतास का?"

"मी काय येडा हाय?" म्हणत निकेशने फोन ठेवला.

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातली ती पट्टी, जिच्यावर चित्र उमटतं. पुसताना ओरखडा उठला तर कॅमेरा गेलाच म्हणायचा. त्याने आधी रबरी फुग्याने हवा मारून पाहिली. ठिपके जागचे हलले नाहीत. शेवटी दुकानातून आणलेली पुसायची काडी आणि तिच्यावर टाकायच्या औषधाची बाटली घेऊन तो बसला. पंखा बंद केला, दार लोटलं, लेन्स काढून आतला आरसा वर उचलला. पुसता पुसता बॅटरी संपून सेन्सरपुढचा पडदा काडीवरच मिटला तर? बॅटरी भरलेली होती हे माहीत असूनही त्याने पुन्हा बघितलं. श्वास रोखून त्याने काडी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढली.

काडीच्या टोकाला पिवळं लागलं होतं. त्यात बारीक लाल कणही होते.

निकेशने काडी उजेडात धरली. कॅमेरा घरी आणला त्या दिवशी त्याच्या आईने, जनीने, पाट मांडला होता. नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही, हा घरचा रिवाज. लेन्स अजून लावली नव्हती. कॅमेऱ्याचं तोंड झाकलेलं ठेवून पूजा कसली, म्हणून याच शहाण्याने पुढचं झाकण काढून दिलं होतं. आईने चिमटी भरभरून हळदकुंकू वाहिलं. बाहेर सांडलेलं त्याने पुसलं. आत गेलेलं, पडदा उघडेल मिटेल तसं, सरकत सेन्सरवर जाऊन बसलं होतं.

"काय निंगाला रं?" जनीने दारातून विचारलं.

त्याने काडी मुठीत दाबली. "धूल हाय, आये. हितेशकडची."

बोलून गेला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने हितेशला 'माझंच चुकलं' असा मेसेज टाकला, नवी काडी घेतली आणि पुन्हा श्वास रोखला. आता भिंत स्वच्छ आली. कोपऱ्यात एक ठिपका उरलाच. तिथे कुणाचा चेहरा येणार नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली, पण धाकधूक गेली नाही.

निघताना जनी हळदकुंकवाची वाटी घेऊन समोर आली. पहिल्या ऑर्डरीच्या दिवशी आईला नको कसं म्हणायचं? त्याने जमिनीवरची बॅग नकळत पाठीमागे सरकवली.

"केर मीच काढते ना रं," जनी म्हणाली. "बगली मी ती काडी."

तिने कुंकू त्याच्या कपाळाला लावलं. वाटी खाली ठेवून दोन्ही हात पदराला पुसले, उलटेसुलटे बघितले, पुन्हा पुसले. मग लांबूनच म्हणाली, "बॅग तूच उचल."

निकेशने बॅग उचलली आणि तिच्या हातात दिली.