साळिंदराचा उत्तरार्ध

माझ्या बायकोला तिचा धुळ्याचा आतेभाऊ दर रविवारी सकाळी फोन करतो. आमच्याकडे आतेभावाशी लग्न जमणं नवलाचं नाही. यांचं जमता जमता राहिलं होतं, हे तिच्या एका मावशीनं मला आमच्याच लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढता वाढता सांगितलं. तेव्हापासून मी या माणसाबद्दल चांगलंच बोलत आलो आहे. जरा जास्तच चांगलं.

फोनवर दोघं हसतात. त्या हसण्यात वर्षानुवर्षं एक शब्द ऐकू यायचा. ‘‘साळिंदर ना? बरं आहे. काल दुपारी झोपलं होतं.’’ चाळीसगावकडच्या, म्हणजे तिच्या माहेरच्या कुणाचं तरी हे टोपणनाव असणार, असं मी धरून चाललो. नवऱ्यानं सगळंच विचारू नये.

यंदा तिच्या भावानं घर रंगवायला काढलं आणि तिची लहानपणची पुस्तकं एका पोत्यात घालून जळगावला पाठवून दिली. त्यात मुलांसाठीची एक जुनी अद्भुत कादंबरीमाला होती, भाषांतरित, पाच खंडांची. मी मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस, शिवाय परीक्षणं लिहिणारा. पहिला खंड मी भाषांतरातल्या चुका काढायला उघडला. हातात पेन्सिल होती. चाळीसाव्या पानानंतर ती कुठे गेली, मला माहीत नाही.

तीन भावंडं कोरड्या विहिरीत उतरतात आणि खालच्या राज्यात पोचतात, तिथला राजा हरवलेला असतो. एवढंच. पण मी दुपारची झोप सोडली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की दहाव्या वर्षी आपल्याला काय मिळालं नव्हतं. आमच्या घरी तेव्हा पंचांग होतं आणि खतांच्या कंपनीची दिनदर्शिका.

समासात पेन्सिलीनं शेरे होते. अक्षरं दोन. एक तिचं, ते मी वाण्याच्या यादीवर रोज बघतो. दुसरं त्याचं. ‘इथे मी रडले.’ ‘खोटारडी, तू झोपली होतीस.’ उन्हाळ्याच्या सुट्टीत तो चाळीसगावला यायचा आणि दोघं मिळून वाचायची. मी तिच्या पत्रिकेपासून तिच्या गुडघ्याच्या एक्स-रेपर्यंत सगळं पाहिलं होतं. हे पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या खंडात साळिंदर आलं.

ते त्या राज्यात मंत्री होतं. इतर मंत्र्यांच्या पट्ट्यांची, तुऱ्यांची, पायघड्यांची टिंगल करणं हे त्याचं काम. ती टिंगल ते इतकी लांबवायचं की पायघड्या गुंडाळून माणसं घरी गेली तरी याचं चालूच. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. त्याच आठवड्यात एका सत्कारात मी शाल-श्रीफळाच्या प्रथेवर पाऊण तास कोरडे ओढले होते आणि शाल घेऊन घरी आलो होतो.

पुढचे खंड मी राजासाठी वाचले नाहीत. साळिंदराचं शेवटी काय होतं, तेवढंच मला हवं होतं. आणि पाचवा खंड निघाला अर्धा. दोघांना एकाच वेळी वाचायचा होता म्हणून त्यांनी शिवण उसवून त्याचे दोन भाग केले होते. सुट्टी संपल्यावर उत्तरार्ध धुळ्याला गेला, तो गेलाच.

शेवट काय आहे, असं मी बायकोला सहज विचारून पाहिलं. आठवत नाही म्हणाली. चांगलं आठवत असलेलं माणूस जसं म्हणतं, तसं म्हणाली.

मी धुळ्याची बस धरली.

त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. समोरच्या टपरीकडे बघून तो ओरडला, ‘‘दाजीसले चहा दे रे भो.’’ मग का आलो ते विचारलं. मी म्हणालो, बालसाहित्यावर एक लेख लिहितोय, त्यासाठी तो भाग लागतोय. मला वाटलं होतं, माळ्यावर शोधावं लागेल. त्यानं बसल्या जागेवरून ड्रॉवर ओढला आणि गॅरंटी कार्डांच्या खालून पुस्तक काढलं. कडा तेलकट झाल्या होत्या.

‘‘लाइट गेली का वाचतो,’’ तो म्हणाला. ‘‘कॉइलचं काम थांबतं ना.’’

धुळ्यात लाइट किती वेळा जाते याचा मी मनात अंदाज घेतला आणि मला जास्तच वाईट वाटलं. मी शेकडो पुस्तकांवर बोललो आहे. ड्रॉवरमध्ये ठेवलेलं एकही नाही.

‘‘परत पाहिजे बरं का, दाजी,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्हाला तिनं कधी सांगितलं नाही याचं?’’

‘‘नाही.’’

‘‘हां. म्हणे, तुम्ही हसाल.’’

चहा गोड होता. तो मी पूर्ण प्यालो.

पारोळ्याच्या पुढे बसमध्ये मी शेवट गाठला. राजा सापडतो, ते जाऊ द्या. भावंडं परत निघतात. साळिंदरानं निरोपाचं भाषण तयार केलेलं असतं, सात पानांचं. ते पानं खाली ठेवतं, मुलांचं गाठोडं उचलतं आणि विहिरीच्या काठापर्यंत मुकाट चालत जातं. समासात तिचं अकरा वर्षांचं अक्षर: ‘मला सगळ्यांत हेच आवडतं.’ त्याखाली त्याचं: ‘शी.’

एरंडोलपर्यंत मी त्या ‘शी’कडे समाधानानं बघत होतो. मग लक्षात आलं की तिला जे आवडलं होतं ते शेवटचं पान. माझ्याकडे आतापर्यंत जमा होती ती फक्त भाषणं.

घरी पोचलो तर तिला सगळं आधीच कळलेलं. ‘‘लेखासाठी गेला होतात म्हणे,’’ ती म्हणाली.

‘‘लेख नाही. पुढे काय होतं ते बघायचं होतं.’’

‘‘मग? कसं वाटलं?’’

इथे मी गप्प बसायला हवं होतं, हे मला आता कळतं. मी उत्तरार्धातल्या भाषांतराच्या शैथिल्याबद्दल बोलू लागलो. तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, हसली, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन फोन लावला. ‘‘आलं,’’ ती म्हणाली. ‘‘हो, वाचलंय. नाही रे, भाषण चालू आहे.’’

पलीकडचं हसू मला इथपर्यंत ऐकू आलं. ते कशावर हसतायत हे मला पहिल्यांदाच कळत होतं, आणि त्यानं काही म्हणता काही फरक पडला नाही. मी दाराशी उभा राहिलो, ती फोन कधी ठेवते याची वाट बघत.