नाल्याकडची ओ

जंगलालगतच्या मोहर्लीत बसून मी टोकियोतल्या कंपनीचं काम बघते, हे गावात अजून कोणाला खरं वाटत नाही. भारत आणि व्हिएतनाममधली सगळी खरेदी माझ्याकडं. माझ्या वरिष्ठ बाई टोकियोत, सहकारी मैत्रीण हनोईत. जपानात आपल्या आधी उजाडतं, त्यामुळं आमची मीटिंग नेमकी मोहफुलं वेचायच्या वेळेला!

आई तेव्हा घरामागच्या मोहाखाली असते. वाकलेलं माणूस वाघाला जनावरच वाटतं, म्हणून आमच्याकडं वेचणारीनं मधूनमधून हाक मारायची आणि घरच्यांनी ओ द्यायची. जिकडून ओ येईल तिकडं परतायचं. उन्हाळाभर मी भर मीटिंगमध्ये ओरडते. आधी त्या दोघी पोट धरून हसायच्या, मग बाई स्वतःच माझ्यासाठी थांबायला लागल्या.

त्या दिवशी अख्ख्या आशियाची जबाबदारी मला द्यायची का, ते ठरणार होतं. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. मी नेटानं बोलत होते, तेवढ्यात आईची हाक आली. बाई थांबल्या. लगेच ओ ऐकू आली आणि त्या म्हणाल्या, हं, पुढे बोला. पण मी अजून ओ दिलीच नव्हती. आवाज माझा, लांबवायची ढबही माझीच, आणि येत होता मोहापलीकडच्या नाल्याजवळच्या झुडपांतून.

खड्ड्यात गेला आशिया! मी तशीच मागच्या दारी पळाले आणि ओरडले, "आई, मी इथी आहो!" नाल्याकडून पुन्हा ओ आली. आईला लांबचं धड दिसत नाही. टोपली घेऊन ती मध्येच उभी राहिली, मग नाल्याकडं चालू लागली. मी धावत जाऊन तिचा हात धरला. तिनं तो झटकला, माझं तोंड चाचपलं.

"तू खरी कशावरून?" तिनं विचारलं. मला रडू आलं, तेव्हा ती माझ्यासोबत घरी आली.

जबाबदारी मिळाली. नेट गेलं होतं, असं मी बाईंना सांगितलं. आई आता मोहाला जात नाही. पण परवा चुलीपाशी तिनं मला हाक मारली, मी शेजारीच बसून ओ दिली, तरी ती मागच्या दाराकडं कान लावून दुसऱ्या ओची वाट बघत राहिली.