गावदेवीचा घोट

आमच्या शहापूर तालुक्याला समुद्र नाही, पण बीच आहे. दिवाळी सरली की धरणाचं पाणी ओसरू लागतं आणि काठाला रेतीचा पट्टा उघडा पडतो. शनिवार-रविवारी गाड्या भरभरून येणाऱ्यांनी त्याला बीच म्हणायला सुरुवात केली, मग आम्हीही म्हणू लागलो. सोमवारी सकाळी म्हशी पाण्यावर न्यायच्या आधी मी झाडू घेऊन जायचे. फुटलेल्या बाटल्यांच्या काचा गोळा झाल्याशिवाय म्हशीनं तिथं पाय ठेवणं शक्य नव्हतं.

अशा या काठावर आमच्या बचतगटाला बोट चालवायची परवानगी मिळाली. अटींचा कागद मी बैठकीत वाचून दाखवला, म्हसा गावच्या जत्रेत हरवलेली पोरं पुकारतात त्या आवाजात. बोटीत, काठावर किंवा चालवणाऱ्याच्या पोटात दारू सापडली, तर परवानगी रद्द! ‘पोटात’ हा शब्द माझा, कागदावरची भाषा जरा सोवळी होती. दहाही जणींनी टाळ्या वाजवल्या आणि सह्या ठोकल्या.

चूक तिथंच झाली. दारू म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर पर्यटक आले. आमची देवी आलीच नाही.

धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि गावदेवीचा दगडही तिथंच राहिला. माझे सासरे चाळीस वर्षं या पाण्यावर होडी वल्हवत होते. हंगामाची पहिली होडी देवळाच्या जागेवर आली की ते मोहाच्या दारूची बाटली काढत. अर्धी देवीला, अर्धी नावाड्याला. हा देवीचा वाटा दिल्याशिवाय गावातलं माणूस होडीत पाय ठेवत नसे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी ओटीवरूनच विचारलं, "देवीचा वाटा भरून ठेवलाय ना गो?"

"मामंजी, दारूला बंदी हाय."

"मानसांना बंदी हाय. देवीनं कंच्या कागदावर सही केलीय?"

मी गप्प. मी गप्प बसते हे आमच्या घरात ग्रहणासारखं आहे, सगळे बाहेर येऊन बघतात. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. वाटा नाही तर बोट नाही, असं बोट चालवायला शिकलेल्या गटातल्या दोघी सुनांना त्यांच्या सासवांनी बजावलं. वाटा द्यावा, तर पहिल्या फेरीला खुद्द धरणावरचे साहेब बसणार होते. दोन्हीकडून आमची बोट काठावरच बुडणार होती.

सकाळी साहेब नारिंगी जॅकेट घालून धक्क्यावर उभे. सासरे आले ते बंडीवर एक हात दाबून. आत काय आहे हे अख्ख्या गावाला दिसत होतं, साहेब तेवढे आभाळाकडे बघत होते. मी पदर खोचला आणि धक्क्याच्या बरोबर मधोमध उभी राहिले. प्रेक्षक भरपूर होते, अशी संधी मी सोडत नाही.

"मामंजी, देवी बाप्या की बाई?"

"बाई. ह्ये काय इचारतेस?"

"मंग चाळीस वरसं तुमी बाप्यांनी तिला घोट पाजला, तिची ओटी कुनी भरली?"

 गर्दीच्या मागून सासूबाईंचा आवाज आला, "कुनीच नाय!"

मी ताट पुढे केलं. तांदूळ, नारळ, किन्हवलीच्या बाजारातून आणलेला हिरवा खण, आणि वर गेल्या चैत्रात वेचून वाळवलेली मोहाची फुलं, चांगली ओंजळभर.

सासऱ्यांनी फुलांकडे पाहिलं. "आन् रस?"

"फुलं तिची, पानी तिचं. गाळंल की सवडीनं. तिथं खाली कोन धाड घालाया जातोय?"

पहिले साहेब हसले. मग गाव हसलं. सासरे हसले नाहीत. ते वळले, चढ चढून दारूबंदीच्या फलकाच्या पलीकडे, हद्दीबाहेर गेले आणि बाटली सासूबाईंच्या हातात दिली. "संसारात पयल्यांदा भरलेली हातात आली गो," असं म्हणत सासूबाईंनी ती तिथल्या तिथं बांधावर ओतली.

देवळाच्या जागेवर बोट थांबवली आणि मी ओटी पाण्यात सोडली. फुलं तरंगली. सासरे बोटीच्या कडेवरून वाकून फुलांकडे बघू लागले. मग ती भिजून फुगली आणि एकेक करून खाली जाऊ लागली. शेवटचं फूल दिसेनासं झाल्यावर सासरे म्हणाले, "घेतली."

धक्क्यावर परतलो, तर चार तरुण तिकिटं घेऊन तयार. एकाच्या हातात संत्र्याच्या सरबताची मोठी बाटली. सासऱ्यांनी उतरता उतरता नाक वर केलं.

"बघू रे तुझा सरबत."

"कोल्ड्रिंक आहे, आजोबा."

"दाढी फुटायच्या आधीपासून मोहाची गाळतोय मी. मला वास शिकवतो?"

हे साहेबांसमोर! साहेब पुन्हा आभाळाकडे बघू लागले.

"आमच्या देवीनं आज सोडली," सासरे गरजले, "मी सोडली. तू कोन रे तिच्यापेक्षा मोठा?"

पोरगा बाटली ठेवायला गाडीकडे निघाला. सासऱ्यांनी चौघांनाही तोंड उघडायला लावलं, हुंगलं, आणि दोघांना रेतीवर बसवलं. "तुमी उद्या या. आज दोस्तांना हात हलवा."

"यांना कुणी नेमलंय?" साहेबांनी मला हळूच विचारलं.

"देवीनं," मी म्हटलं. साहेबांनी कागदावर 'व्यवस्था उत्तम' असा शेरा मारला आणि मी तो तिथंच, जत्रेतल्या आवाजात, तीन वेळा वाचला.

तेव्हापासून दर शनिवार-रविवारी सासरे फलकाखाली खुर्ची टाकून बसतात. पाण्यात उतरत नाहीत, तरी नारिंगी जॅकेट काढत नाहीत. परवा सोमवारी मी म्हशी घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेत लक्षात आलं की झाडू घरीच राहिला. मागे वळायच्या आत म्हशी रेती ओलांडून पाण्यात शिरल्याही होत्या. एकीनंही पाय उचलून धरला नाही.