अध्यक्षाचं हेल्मेट

त्या रविवारी अक्कलकोट रोडच्या माज्या टपरीवर मी, सून शांता, मोटारसायकल क्लबातले इसाक, मल्लू आन त्यांचा अध्यक्ष हुतो. अध्यक्ष चहासुदिक इचारून सांगायचा, "अर्धा अर्धा. मंजूर?" हात वर आले की मगच मला खूण.

फोन आला, माजी लेक दवाखान्यात बाळातपणात अडलीया, आपरेशनच्या कागदावर अंगठा द्याया कुणी न्हाय. अध्यक्षानं सोताचं हेल्मेट माज्या डोक्यात घातलं. "मावशी, घट धरा." उघड्या डोक्यानं येळेत पोचवलं. लेक, नात सुखरूप.

फुडच्या रविवारी म्हणला, "बिनहेल्मेट चालवली. नियमानं दोन रविवार माजी गाडी बंद. मंजूर?"

"अवं, मावशीसाटी केलंत की!" इसाक वरडला.

"नियम आपुनच केलाय."

हात लई हळू वर आले. दोन रविवार माज्या बाकड्यावर बसून त्यानं बाकीच्यांच्या गाड्या जाताना बघितल्या.

वाचणाऱ्यांनो, मागं बसणाऱ्यासाटी एक जादा हेल्मेट ठेवा.