उतरण्याचा वाटा

माझ्या ओळखीत कर्तबगारीने वर गेलेली माणसे पुष्कळ आहेत. वशिल्याने वर गेलेली त्याहून अधिक. काहीएक कारण नसताना, हातात चहाचा कप धरून, बोलता बोलता वर गेलेला माणूस मात्र मी एकच पाहिला. तो माझ्या खालच्या बिऱ्हाडात राहतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सिल्वासाच्या आसपास एकामागून एक फॅक्टऱ्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा खानदेशातून कामासाठी आलेल्या लोकांबरोबर तो आणि त्याची धाकटी बहीण आमच्या सामरवरणी गावात उतरली. मी नुकताच सरकारी कचेरीतून निवृत्त झालो होतो आणि भाडेकरू शोधत होतो. मी अटी सांगितल्या : गोंगाट नको, पाहुणे नकोत, भिंतीला खिळे नकोत. विशीतला तो काटकुळा मुलगा म्हणाला, "खिळे कशाले, आप्पा? मी सदरा आढ्यालेच टांगतो." या वाक्याचा अर्थ मला पुढच्याच आठवड्यात कळला. नळ टपकत होता म्हणून खडसावायला खाली गेलो, तर हे गृहस्थ छताला पाठ लावून आडवे झालेले आणि वर्तमानपत्र वाचत असलेले. पंख्याच्या वर डास येत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. खाली बहीण भाकरी थापत होती. "बेबी, आप्पा आले. उतरव मले," तो म्हणाला. तिने मानही वर केली नाही. "तव्यावरची करपेल. थांब जरा." मग त्याने मला छतावरून, अत्यंत अदबीने, बसायला सांगितले. मी बसलो. दुसरे काय करणार?

ही विद्या त्याने कष्टाने मिळवलेली नव्हती. ती वडिलोपार्जित होती. वडील विजेच्या खांबांवर काम करीत आणि खांबावर चढण्याऐवजी सरळ वर जात. मात्र खात्याची शिडी त्यांच्या नावावर असल्यामुळे ती खांद्यावर घेतल्याशिवाय त्यांनी कधी जमीन सोडली नाही. मी आयुष्यभर सरकारी नोकरी केली आहे. या माणसाला मी न पाहता ओळखतो. त्यांच्या घरी एक रीत होती. पेरू एकच असला, तर एकाने कापायचा आणि दुसऱ्याने आपली फोड आधी उचलायची. त्यामुळे कापणाऱ्याचा हात आपोआप सरळ चालतो आणि भांडण होत नाही. आई आधीच गेली होती. वडिलांनीही डोळे मिटताना एवढेच सांगितले की, माझे जे आहे त्यासाठी भांडू नका. एकाने कापा, एकाने उचला. तेराव्याची पंगत उठल्यावर भावाने कापायला घेतले. कोणत्याही शहाण्या माणसाने मधोमध कापून दोघांना अर्धी अर्धी उंची दिली असती. याने वर जाणे एका बाजूला ठेवले आणि खाली येणे दुसऱ्या बाजूला. बेबीने क्षणभर विचार केला आणि खाली येणे उचलले. हा प्रसंग सांगताना त्याला बहिणीची कीव येई. "पोरीच्या जातीले काय समजतं, आप्पा? उतरणं उचललं! उतरता तर काय, कोणालेही येतं!" हे तो मला छताजवळून सांगत होता, आणि बेबी गिरणीतून दळण घेऊन येण्याची वाट पाहत होता.

सुताच्या फॅक्टरीत तो ट्यूबलाइट बदलण्याच्या कामी फार उपयोगाचा होता, फक्त पाळी संपल्यावर त्याला न्यायला बहिणीला फाटकापर्यंत जावे लागे. तपासणीचे साहेब यायचे असले की सुपरवायझर त्याच्या खांद्यावर हात दाबून उभा राही आणि दटावी, "आज ऊपर नहीं, समझा? जमीन पे रहने का." सिनेमाला गेला की पुढे बसलेल्या उंच माणसाचा त्याला राग येई आणि तो जागेवरून हातभर वर सरके. थेटरवाल्याने एकदा त्याच्याकडे बाल्कनीचे पैसे मागितले. त्याने तत्त्वाचा प्रश्न करून वाद घातला आणि वादाच्या भरात खरोखरच बाल्कनीच्या उंचीला पोहोचला. बेबीचे सामर्थ्य मात्र चहूकडे चाले. तारेवरचा पतंग, शेंड्यावरची कैरी, कौलावर चढून रडणारे मांजर, जे म्हणाल ते ती नुसत्या नजरेने खाली आणी. सिल्वासातल्या आमलीच्या बाजारात भाजीवाल्यासमोर ती गप्प उभी राही आणि भाव उतरत. हा वारशाचा भाग होता की बायकांचा उपजत गुण, याचा निवाडा मी केलेला नाही.

एका संक्रांतीला मात्र त्याची चांगलीच फजिती झाली. बेबीला तोवर बालवाडीत नोकरी लागली होती आणि ती बालवाडीच्या बायकांबरोबर सुरंगी गावाला हळदीकुंकवाला गेली होती. आमलीत एका कापडदुकानावर अडकलेला पतंग पाहून या महाशयांना राहवले नाही. पतंग हाती आला. स्वतः ते अडकले. दुकानाच्या पाटीच्या वर, दोन तारांच्या मध्ये, पतंग छातीशी धरून ते दुपारभर लोंबकळत राहिले. दुकानदार प्रथम गिऱ्हाईक बिघडते म्हणून ओरडला, "अल्या, नीचे उतर ने, घराकी बगडे छे!" पुढे बघ्यांची गर्दी वाढली आणि उभे राहून कंटाळलेले लोक दुकानात शिरून कापड पाहू लागले, तेव्हा त्यानेच बांबूला डबा बांधून वर चहा पाठवला आणि म्हणाला, "रहेवा दो, भाई, उतावळ नथी." संध्याकाळी सुरंगीची बस आली. बेबी हातात वाण घेऊन उतरली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"लाज आहे का काही?"

"आधी उतरव, बेबी. मग बोल."

"उतरवल्यावर तू पळतोस. आधी बोलणार."

मग तिने साठलेले सगळे काढले : ओला टॉवेल, न आणलेले रॉकेल, आणि मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाला दिलेले उलट उत्तर. संपूर्ण आमलीने ते ऐकले. त्याला कुठे जाताच येत नव्हते. उतरणे कोणी उचलावे, हे मला त्या दिवशी पटले.

त्यालाही ते पटले असावे, कारण त्यानंतर बेबीला येणारे प्रत्येक स्थळ तो मोडू लागला. एका मुलाला खोकला होता, एकाचे कान मोठे होते, एकाच्या गावाला सावली नव्हती. शेवटी नंदुरबारकडचा एक शाळामास्तर आला आणि पोह्यांची बशी रिकामी होण्याआधीच बेबीने मला येऊन सांगितले की, हा तिला पसंत आहे. भाऊ म्हणाला, "लई लांब आहे." मी त्याला ओट्यावर उभे केले आणि म्हणालो, "नंदुरबार लांब नाही. ती गेल्यावर तुला खाली कोण आणील, एवढीच तुला काळजी आहे." एरवी वादात वर जाणारा तो जमिनीवरच उभा राहिला.

तोडगा त्याच्या काकांनी आणला. लग्न ठरले की बहिणीने बापाच्या मिळकतीतला आपला हक्क सोडायचा आणि बदल्यात साडी घेऊन हसत सासरी जायचे, ही आपल्याकडची जुनी सोय आहे. "लेक दिली, वाटा सुटला. रीतच आहे," काका म्हणाले. म्हणजे उतरणेही भावाकडे येणार, आणि तो बापासारखा अख्खा होणार. बेबी तयारच होती. "घे रे भाऊ, सासरी मला काय करायचंय त्याचं?" माझ्या अंगणात सगळे बसले होते. त्याने एकदा वर पाहिले. त्याला ते किती हवे होते, हे मला दिसत होते. मला वाटले, आता हा घेणार.

"काका," तो म्हणाला, "कापलं मी, उचललं तिनं. आता दोन्ही फोडी मीच खाऊ का?"

"अरे, मग तू वर कसा जाशील?"

"नाही जायचा."

"मोठा आला!" बेबी ओरडली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. काकांनी साडी परत पिशवीत घातली.

लग्न झाले. फॅक्टरीने शिडी घेतली. तो चालू लागला, आणि चालण्याची सवय नसलेल्या माणसासारखा उंबऱ्यांना ठेचकाळू लागला. मला दोन-तीनदा वाटले की काही बोलावे. शेवटी नळाचेच दोनदा विचारले.

आखाजीला खानदेशच्या लेकी माहेरी येतात आणि झाडांना झोके बांधतात. बेबीचे माहेर आता माझी खालची खोली असल्यामुळे ती इथे येते. पिशवी ठेवते, पाणी पिते आणि म्हणते, "जा." तो आंब्याच्या शेंड्याच्याही वर जातो. ती ओट्यावर कैऱ्या चिरत बसते आणि सासरच्या म्हशीपासून मास्तरांच्या बदलीपर्यंत सगळे वर पाहून सांगते. तो वरून हुंकार देतो. मी खुर्ची बाहेर काढून बसतो. मान दुखते. गेल्या खेपेला संध्याकाळ होत आली, तरी ती त्याला उतरवीना. मी म्हणालो, "बेबी, आता खाली घे त्याला."

"घेते, आप्पा. अजून थोडं ऊन आहे तिथं."

खालून त्याचे तळवेच तेवढे दिसत होते. त्यांना भेगा पडल्या आहेत. पूर्वी नव्हत्या.