दारात बसलेल्या मावशी

आधी भांडगावच्या मावशींचं नाव घ्यायला हवं, नाव न लिहिता. यवतच्या पुढं, कासुर्डीच्या बाजूला अपंग मुलांची एक छोटी शाळा आहे, तिथं त्या मदतनीस आहेत. त्यांची स्वतःची मुलगीही तिथंच. नऊ वर्षांची आहे, मान धरत नाही, बोलत नाही, पण मी आलो की माझ्या बुटांच्या आवाजावर हसते. मावशींनी पहिल्या दिवसापासून माझ्यावर संशय घेतला. आज मी माणसात आहे तो त्या संशयामुळं.

मी धारूरकडचा. शाळा आठवीत सुटली. आता शिरूरच्या बाजूला एका कारखान्यात मशीन सेट करतो. हे काम एका मिस्त्रीच्या मागं उभं राहून बघत बघत शिकलो. कामाला लागताना ठेकेदारानं शिक्षण विचारलं, मी आयटीआय सांगून टाकलं. कागद नंतर आणतो म्हणालो. तो ‘नंतर’ चार वर्षं माझ्या मागं मागं चालत होता. साहेब फोनवर बोलता बोलता माझ्याकडं बघायला लागले तरी मला वाटायचं, झालं, कळलं यांना.

एकदा कंपनीनं या शाळेला चाकाच्या खुर्च्या दिल्या. जोडायला मला नेलं होतं. फोटो झाले, सगळे गाडीत बसले, पण एका खुर्चीचा ब्रेक लागत नव्हता. तो मनात राहिला. आमच्याकडं सुट्टी गुरुवारी आणि गुरुवारी शाळा चालू असते, म्हणून पुढच्या आठवड्यात न्हावरा, चौफुला करत परत गेलो. मग जातच राहिलो. कुणाच्या खुर्चीला पायपट्टी, कुणाच्या ताटाला कड, असली कामं संपत नाहीत.

मी एखाद्या मुलाचं माप घ्यायला बसलो की मावशी सुपात मेथी घेऊन दारात येऊन बसायच्या. मेथी निवडून झाली तरी उठायच्या नाहीत. गाव कुठलं, आईचं माहेर कुठलं, लग्न का झालं नाही, शिक्षण किती. त्यांनाही मी आयटीआयच सांगितलं. त्या नुसत्या “बरं” म्हणाल्या. त्या ‘बरं’नं मला आठवडाभर पोखरलं. ही बाई मला इथून घालवणार, असं मी धरून चाललो.

त्यांच्या मुलीसाठी मी लाकडी खुर्ची केली. कारखान्यातल्या सवयीनं एकेक मिलिमीटर मोजून, दोन्ही बाजूंनी अगदी बरोबर. थंडीत तिनं स्वेटर घातला आणि पोरगी खुर्चीत अडकली. काढताना दोघं लागलो.

“पोरगी हाय ती दादा, बेअरिंग न्हाई,” मावशी म्हणाल्या. शिकवणाऱ्या बाईंसकट सगळे हसले. मीही हसलो, पण आतून चरकलो. आयटीआयवाला असा चुकेल का, असं तर यांना म्हणायचं नसेल? खुर्ची दुरुस्तीला म्हणून खोलीवर घेऊन आलो.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या दौंडच्या कारखान्यांना येतात. त्यातल्या एका मुकादमाच्या बायकोनं आईला कळवलं होतं की तिकडं तुझ्या पोराची चौकशी चाललीय. घरचे कसे, पितो का, कुण्या बाईमाणसाच्या भानगडीत होता का, किती शिकला. आईला वाटलं स्थळ आलं. मला वाटलं कंपनी आली.

मुकादमाच्या बायकोनं शिक्षण काय सांगितलं म्हणून विचारलं, तर आई म्हणाली, “आठवी. खोटं कशाला सांगल ती?”

दोन गुरुवार मी गेलो नाही. पण खुर्ची माझ्याकडं होती आणि पोरगी तिकडं पोत्याला टेकून जमिनीवर बसत असणार. तिसऱ्या गुरुवारी कडा रुंद करून, खुर्ची देऊन कायमचा निघायचं ठरवून गेलो. मावशींनी खुर्ची घेतली, मुलीला बसवलं, स्वेटरसकट. मग माझ्याकडं न बघता बोलल्या.

“चौकशी मीच केली. टोळी आमच्या वावराशेजारीच उतरली हुती. लेक द्यायची म्हणलं तर आमी सात गावं इचारतो. ही तर न बोलणारी लेकरं. काय झालं तर सांगायची बी न्हाईत. फुकट येणाऱ्या माणसाला मी न इचारता कशी सोडू?”

मी खाली बसून खुर्चीची कड चाचपली.

“माणूस म्हणून समदी चांगलं बोलली. मग शाळेचंच तेवढं खोटं का?”

कंपनीतही आयटीआयच सांगितलंय, हे मी सांगितलं. कंपनीला कोण सांगतंय, त्या म्हणाल्या, पण एक खोटं सापडलं की मला बाकीचं समदं परत इचारावं लागतं. मग शाळेची वही पुढं केली. येणाऱ्यांची माहिती लिहितात ती. माझ्या नावापुढचं आयटीआय मी खोडलं आणि आठवी लिहिलं. बाईंनी दहावीला बाहेरून बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म समजावून सांगितला.

उद्या दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगावं म्हणून शुक्रवारी साहेबांसमोर उभा राहिलो. आठवीचं सांगून टाकलं. ते म्हणाले, “दहावीचा कागद आण, तोवर बघू.” कामावर आहे, पण अजून त्या ‘बघू’वरच. त्यांचा फोन वाजला की मी अजून मान वर करून बघतो.

पुढच्या गुरुवारी माप घ्यायला बसलो आणि सवयीनं दाराकडं बघितलं. सूप उंबऱ्यावर होतं, मावशी आत पोळ्या करत होत्या.

मुलीला कुणाजवळ सोडायचं म्हणून मावशींनी कित्येक वर्षांत माहेरची जत्रा केलेली नाही. मावशी, कधीतरी तुम्ही खुशाल जत्रेला जा. त्या दिवशी शाळेत कोण येतं, कोण जातं, कुठल्या गावचं, सगळं विचारत मी दारात बसेन. मेथी घेऊन.