अंधारातली घरघर

परवा संध्याकाळी वादळात वीज गेली, पाठोपाठ मोबाईलही मुका झाला. जुना कंदील लावला आणि रॉकेलच्या वासासरशी आई आठवली.

ऐंशीच्या दशकात मालवणात वीज गेली, की आई आधी फोनचा रिसीव्हर कानाला लावायची. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांवर फोन चालू राहायचा. त्यातली संथ घरघर ऐकून तिचा चेहरा निवळायचा. मग मी रिसीव्हर मागून घ्यायचे आणि ऐकतच राहायचे.

“ठेव गो खाली. दादाचो फोन इलो तर?”

मुंबईला नोकरीला गेलेल्या दादाचा फोन यायचा तो सणासुदीलाच.

आता माझी लेक पुण्यात असते. परवा मी कोपऱ्यातला, कधीचाच बंद पडलेला तो रिसीव्हर उचलून कानाशी धरला. आणि लेकीचा फोन आला तर, म्हणून झटकन खाली ठेवला.